ओल्या फडक्याचा तापमापक

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरी हे गाव आहे. मध्य प्रदेशाची हद्द येथून जवळच. आसपास साग आणि तेंदूचे जंगल, डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी, आणि मधल्या सपाटीवर धानाच्या बांध्या. मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी माणसे येथे उजाडण्यापूर्वीच जंगलात शिरतात आणि ऊन डोक्यावर येण्याच्या आत पुडे घेऊन परततात. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते.

अशाच एका दुपारी या भागात आम्ही काही शाळकरी मुलांना सावलीत बसून मोबाइलवर खेळताना पाहिले. खेळातला माणूस वाळवंटात अडकलेला होता. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या अंगाच्या तापमानाची पट्टी होती. जाड कपडे घातले की पट्टी लाल होई, सावलीत गेला की उतरे, पाणी प्याला की आणखी उतरे. पट्टी फार वेळ लाल राहिली की खेळ संपला. आम्ही कुतूहलाने विचारले, "आणि पाऊस आला तर?" मुलगा मान वर न करता म्हणाला, "पाणी आलं का पट्टी खालीच येते, सर."

खेळ तयार करणाऱ्याने नियम सोपे ठेवले, त्यात त्याची चूक नाही. पण आम्ही विचारात पडलो. भंडाऱ्यात पहिला पाऊस पडून गेल्यानंतर जून-जुलैमध्ये जो उकाडा होतो, त्यात ही पट्टी खरोखर खाली येते का? माणसाच्या अंगाची पट्टी चढते कशाने आणि उतरते कशाने, हे कोणी व कसे शोधून काढले? हा इतिहास तीन-चारशे वर्षांचा आहे, आणि त्यातला मोठा भाग प्रयोगशाळेत नव्हे, तर तापलेल्या खोल्यांत आणि खाणींत घडला आहे.

आधी थोडा हिशेब

मानवी शरीर ही न विझणारी शेगडी आहे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात ताशी साधारण ७० किलोकॅलरी उष्णता तयार होते. कुदळ-फावडे चालवताना ती ३०० किलोकॅलरी किंवा त्याहूनही अधिक होते, कारण स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा भाग प्रत्यक्ष कामात येतो आणि बाकीची उष्णता होऊन अंगातच राहते.

आता ६० किलो वजनाचा माणूस घेऊ. त्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. उष्णता बाहेर जाण्याचे सर्व मार्ग बंद केले तर कष्टाचे काम करणाऱ्या माणसाचे तापमान ३७ वरून ४० अंशांवर जायला १५० किलोकॅलरी, म्हणजे फक्त अर्धा तास लागेल. विद्यार्थ्यांकडून हे गणित फळ्यावर करून घ्यावे. उष्माघातात उष्णता बाहेरूनच अंगात शिरते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही, हे खरे दुखणे असते.

उष्णता बाहेर पडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन वाटांनी ती निघून जाते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की या तिन्ही वाटा उलट्या वाहू लागतात आणि उष्णता आत येते. मग एकच वाट उरते, ती घामाच्या बाष्पीभवनाची. १ लीटर घाम त्वचेवरून वाफ होऊन गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. मात्र तो वाफ होऊन गेला पाहिजे. ओघळून जमिनीवर पडलेला घाम काहीच घेऊन जात नाही. पुढच्या सगळ्या इतिहासाचा गाभा या एका वाक्यात आहे, आणि ते नीट समजायला माणसाला फार वेळ लागला.

तराजूत बसलेला वैद्य

इटलीतील पाडुआ येथे वैद्यकाचे अध्यापन करणारा सांतोरियो हा या कथेतला पहिला माणूस. गॅलिलिओच्या वर्तुळात हवेच्या प्रसरणावर चालणारे तापदर्शक तेव्हा नुकतेच आले होते. सांतोरियोने त्याला खुणा केल्या, त्याचे टोक रुग्णाच्या तोंडात देता येईल अशी रचना केली, आणि अंगाचा ताप हाताने चाचपण्याऐवजी मोजायला सुरुवात केली.

त्याचा दुसरा उद्योग अधिक विलक्षण होता. त्याने मोठ्या तराजूला खुर्ची टांगली, आणि तीस वर्षांच्या काळात तो त्या खुर्चीत बसून स्वतःचे वजन करीत राहिला. खाल्लेले, प्यालेले आणि शरीराबाहेर टाकलेले सर्व मोजले. १६१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने सांगितले की, दिवसात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर त्यातील सुमारे पाच पौंड न दिसता निघून जाते. त्वचेतून आणि श्वासातून जाणाऱ्या या पाण्याला त्याने 'न जाणवणारा घाम' म्हटले. हे पाणी कशासाठी जाते, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. पण शरीरातून सतत काहीतरी वाफ होऊन जात आहे, हे तराजूने सिद्ध केले.

हवा रक्तापेक्षा गरम झाली तर?

१७१४ मध्ये फॅरनहाइटने पाऱ्याचा भरवशाचा तापमापक बनवला आणि नवे प्रश्न उभे राहिले. हॉलंडमधील ख्यातनाम वैद्य बोअरहाव यांचे मत असे होते की, श्वासाबरोबर आत जाणारी थंड हवा रक्ताला निववते, आणि म्हणून हवा रक्ताहून गरम झाली तर प्राणी जगूच शकणार नाही. त्यांच्या सांगण्यावरून साखरेच्या कारखान्यातील तापलेल्या खोलीत कुत्रा, मांजर आणि चिमणी ठेवण्यात आली. तिन्ही मेली. मत सिद्ध झाल्यासारखे वाटले.

पण गरम प्रदेशात राहणाऱ्या माणसांचा अनुभव निराळा होता. अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीचा गव्हर्नर हेन्री एलिस १७५८ च्या उन्हाळ्यात छत्रीला तापमापक टांगून गावातून फिरला. छत्रीच्या सावलीत पारा १०५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४०.५ सेल्सिअस होता. तोच तापमापक अंगाला लावला तर पारा ९७ वर उतरला. हवा रक्तापेक्षा गरम होती आणि तरीही माणूस जिवंत होता, वर लंडनला पत्रही लिहीत होता.

त्याच वर्षी बेंजामिन फ्रँकलिनने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात याचे कारण जवळजवळ बरोबर ओळखले. फिलाडेल्फियात १७५० च्या जूनमध्ये सावलीत १०० अंश फॅरनहाइट तापमान असताना आपले अंग तेवढे तापले नाही, याचे श्रेय त्याने घाम वाळण्याला दिले. उन्हात कापणी करणारे मजूर घाम येतोय तोवर काम करू शकतात, आणि त्यासाठी ते पुन्हापुन्हा पाणी पितात. घाम थांबला की ते कोसळतात, हेही त्याने नोंदवले. शेतात राबणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊकच होते. फ्रँकलिनने त्याला बाष्पीभवनाची जोड दिली.

लंडनमधील तापलेली खोली

१७७४ च्या जानेवारीत लंडनमध्ये जॉर्ज फोर्डाइस या वैद्याने काही खोल्या तापवल्या आणि चार्ल्स ब्लॅगडेन, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स व इतर मित्रांना आत बोलावले. पुढच्या प्रयोगांत खोलीचे तापमान २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १२७ सेल्सिअसपर्यंत नेले. ब्लॅगडेन त्यात आठ मिनिटे राहिला. त्याच हवेत ठेवलेली अंडी भाजून घट्ट झाली आणि मांस शिजले. खिशातल्या घड्याळाच्या साखळीला हात लावणे अशक्य झाले. तापमापकावर फुंकर मारली तर मात्र पारा खाली येत होता, इतका श्वास भोवतालच्या हवेपेक्षा थंड होता. या सगळ्यात जिभेखालचे तापमान जेमतेम बदलले.

याच प्रयोगमालेत आणखी एक गोष्ट घडली होती, पण तिचा गाजावाजा झाला नाही. फोर्डाइस वाफेने भरलेल्या खोलीत गेला होता. तिथे तापमान १३० अंश फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे ५४ सेल्सिअस होते. कोरड्या खोलीच्या मानाने हे काहीच नव्हे. पण त्या खोलीत त्याचे अंग पाण्याने निथळत होते आणि ताप असह्य होता. अंगावरचे ते पाणी सगळे घामाचे नव्हते. गार शीशीवर जसे पाणी जमते तशी खोलीतली वाफ त्याच्या तुलनेने थंड त्वचेवर सांद्रीभूत होत होती, आणि होताना आपला अप्रकट उष्मा त्यालाच देत होती. बाष्पीभवनाची वाट येथे उलटी झाली होती.

ब्लॅगडेनने १७७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या निबंधात एक सुंदर प्रयोग आहे. तापलेल्या खोलीत त्याने पाण्याची दोन सारखी मातीची भांडी ठेवली. एकात नुसते पाणी होते. दुसऱ्यात मेण टाकले होते. ते वितळून पाण्यावर तवंग धरला. खोली उत्कलनबिंदूहून बरीच तप्त असूनही नुसते पाणी १४० अंश फॅरनहाइट (६० सेल्सिअस) या खुणेच्या आसपास रेंगाळले; तासाहून अधिक वेळ ते पुढे सरकेना. मग त्यावर थोडे तेल सोडले. तवंगाने बाष्पीभवन अडले, आणि अखेर दोन्ही भांड्यांतले पाणी उकळू लागले. कातडीवरच्या घामाचे काम काय, याचा यापेक्षा साधा पुरावा मिळणे कठीण. गंमत अशी की, हा प्रयोग करूनही ब्लॅगडेनला सारे श्रेय बाष्पीभवनाला द्यावेसे वाटले नाही. उष्णता नाहीशी करणारी एखादी 'जीवनशक्ती' शरीरात असावी, असे तो मानत राहिला. पुरावा हातात असणे आणि तो पूर्ण पचणे यांत अंतर असते.

ऊन की उकाडा?

एकोणिसाव्या शतकात तापमापक रुग्णाच्या उशाशी आला. जर्मनीतील वुंडरलिख याने हजारो रुग्णांच्या नोंदींवरून १८६८ मध्ये निरोगी माणसाचे तापमान ३७ अंश सेल्सिअस ठरवून दिले. तरी उष्माघाताविषयीचा गोंधळ कायम होता. भारतात आलेल्या इंग्रजांची पक्की समजूत होती की, सूर्याचे किरणच डोके व पाठीचा कणा भेदून आत जातात आणि माणूस मरतो. म्हणून सोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडापासून केलेली टोपी आली, पाठीला कापसाच्या गाद्या आल्या. टोपीने सावली मिळे, हे खरे. पण पाठीवरची गादी घाम वाळू देत नसे. चुकीच्या सिद्धांताने एका हाताने संरक्षण दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले.

किरणांचा सिद्धांत खरा असता तर सूर्य कधीच न दिसणाऱ्या जागी उष्माघात व्हायला नको होता. अशी जागा म्हणजे खोल खाण.

डोलकोथची खाण

इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात डोलकोथ नावाची कथिलाची खोल खाण होती. जॉन स्कॉट हॉल्डेन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ तेथे उतरले. खाणीतील विषारी वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी वापरण्याची सूचना त्यांचीच. पुढे भारतात येऊन स्थायिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे पुत्र.

हॉल्डेन यांनी खाणीत आणि तापवलेल्या खोल्यांत स्वतःवर प्रयोग केले आणि १९०५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी दोन तापमापक वापरले. एक नेहमीचा, दुसऱ्याच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळलेले. ओल्या फडक्यातून पाणी उडून जाते, तसा पारा उतरतो. हवा कोरडी असेल तर पुष्कळ उतरतो, दमट असेल तर थोडाच उतरतो, आणि हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल तर दोन्ही तापमापक सारखेच आकडे दाखवतात. ओले फडके म्हणजे घामेजलेल्या कातडीची नक्कलच आहे. भोवतालची हवा त्या कातडीला जास्तीत जास्त किती निववू शकेल, हे ओला तापमापक सांगतो.

हॉल्डेन यांना आढळले ते असे. अंगाचे तापमान वाढू लागते की नाही, हे कोरड्या तापमापकाच्या आकड्यावरून सांगता येत नाही, ओल्याच्या आकड्यावरून सांगता येते. हवा स्तब्ध असेल आणि ओला तापमापक ८८ अंश फॅरनहाइटच्या (३१ सेल्सिअस) वर असेल, तर उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचेही तापमान चढू लागते. हवा वाहती असेल तर ही मर्यादा ९३ फॅरनहाइटपर्यंत (सुमारे ३४ सेल्सिअस) सरकते. कष्टाचे काम चालू असेल तर स्तब्ध हवेत ती ७८ फॅरनहाइटवर (२५.५ सेल्सिअस) येते. या तीन आकड्यांत आर्द्रता, वारा आणि श्रम या तिन्ही गोष्टींचे स्थान ठरून गेले. मुलाच्या खेळातल्या पट्टीत या तिन्हींना जागा नव्हती.

मीठ आणि सवय

उरलेल्या दोन गोष्टीही खाणींतच कळल्या. इंग्लंडमधील खोल कोळसाखाणींत कामगारांचे स्नायू आखडून असह्य वेदना होत. के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ मध्ये दाखवले की, भरपूर घाम गाळून नुसते पाणी पिणाऱ्यांना हा त्रास होतो, कारण घामाबरोबर मीठही जाते आणि ते पाण्याने भरून येत नाही. पाण्यात थोडे मीठ घातले की त्रास कमी होई. आपल्याकडे कैरीच्या पन्ह्यात आणि ताकात मीठ घालतात. त्यामागचे शास्त्र सांगायला खाणकामगारांच्या वेदना खर्ची पडल्या.

दुसरी गोष्ट सवयीची. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत नव्याने भरती झालेले धडधाकट तरुण पहिल्या काही दिवसांतच उष्माघाताने मरत. तेथील वैद्य ड्रिओस्टी यांनी १९३० नंतरच्या दशकात नवागतांची उष्ण खोलीत परीक्षा घेण्याची आणि त्यांना क्रमाक्रमाने उष्णतेची सवय देण्याची पद्धत बसवली. आज आपल्याला माहीत आहे की, एक ते दोन आठवड्यांत शरीर बदलते. रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि त्यात मीठ कमी असते. काही दिवस उष्णतेपासून दूर राहिले की ही कमाई ओसरू लागते. म्हणून सुट्टीवरून परतलेला जुना कामगारही पहिले काही दिवस नवखाच समजावा लागतो. या संशोधनामागचा हेतू खाणमालकांचा तोटा टाळणे हा होता, आणि ज्यांच्या शरीरावर ते झाले त्या कृष्णवर्णीय मजुरांना त्यात फारसे विचारले गेले नाही, हेही विसरता कामा नये.

आपल्या देशात याच जातीचा प्रश्न कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत होता. २००१ मध्ये बंद झालेली ही खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. तळाचा खडक इतका तापलेला होता की आत जाणारी हवा यंत्राने थंड करावी लागे.

तुमसरच्या खाणी आणि नियमाचे पुस्तक

भंडाऱ्याच्या मँगनीज खाणी इतक्या खोल नाहीत. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या इंग्रजी संस्थेपासून या पट्ट्यातील संघटित खाणकामाची परंपरा सुरू होते. तिचीच पुढे मँगनीज ओअर कंपनी झाली, आणि १९६२ मध्ये तिची मालमत्ता घेऊन आजची मॉइल स्थापन झाली. डोंगरी बुजुर्ग ही खुली खाण आहे. शुष्क विद्युतघटात लागणारे मँगनीज डायऑक्साइड येथल्या खनिजातून मिळते. म्हणजे विजेरीच्या ज्या घटाची आकृती आपण विज्ञानाच्या तासाला काढतो, त्यातली काळी भुकटी याच परिसराची असू शकते. चिखला येथे भूमिगत काम चालते. खुल्या खाणीत वरून ऊन आणि खालून तापलेला काळा दगड, तर भूमिगत खाणीत पाझरणाऱ्या पाण्याचा दमटपणा आणि कोंडलेली हवा. दोन शेजारच्या खाणींत उकाड्याचे दोन निरनिराळे प्रकार आहेत.

भारताच्या १९६१ च्या धातुखाण विनियमांत भूमिगत कामाच्या जागेसाठी दोन आकडे घातले गेले. ओल्या तापमापकाचे तापमान ३३.५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये; आणि ते ३०.५ च्या वर असेल तर सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळती ठेवली पाहिजे. हे आकडे वाचताना हॉल्डेन यांच्या ८८ आणि ९३ अंश फॅरनहाइटची आठवण आल्यावाचून राहत नाही. लक्षात घ्यावे की, येथे कोरड्या पाऱ्याचा उल्लेख नाही. खाणीच्या कायद्याला जे १९६१ मध्ये कळले होते, ते आपल्या रोजच्या बोलण्यात अजून आलेले नाही. उन्हाळ्यात आपण एकमेकांना विचारतो, "आज पारा किती?" ओल्या फडक्याचा आकडा कोणी विचारत नाही.

उघड्यावरच्या कामासाठी सूर्याचा वाटाही धरावा लागतो. अमेरिकी सैन्यातील प्रशिक्षणार्थी उष्माघाताने दगावू लागले, तेव्हा याग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये एक मिश्र मोजमाप मांडले. त्यात ओल्या तापमापकाला सात दशांश, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलातील तापमापकाला दोन दशांश आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त एक दशांश वजन दिलेले आहे. आपण ज्या आकड्याची बातमी करतो, त्याची किंमत येथे दहातली एक आहे.

मे आणि जुलै

आता मुलाच्या उत्तराकडे परत येऊ. मे महिन्यातील एखादी दुपार घ्या. हवा ४५ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. अशा वेळी ओला तापमापक सुमारे २४ अंश दाखवील. आता पाऊस सुरू झाल्यानंतरचा एक उघडीप पडलेला दिवस घ्या. हवा ३६ अंश, आर्द्रता ६५ टक्के. ओला तापमापक सुमारे ३० अंशांवर असेल. कोरडा पारा नऊ अंशांनी उतरला आणि ओला सहा अंशांनी चढला. खेळातली पट्टी खाली आली असती, पण बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या अंगातली पट्टी वर जाऊ शकते.

याचा अर्थ मे महिना निर्धोक आहे असा मुळीच नाही. विदर्भात उष्माघाताचे बळी मे महिन्यात पडतात, हे सर्वांना माहीत आहे. दोन ऋतूंचे दोन सापळे आहेत. मे महिन्यात हवा आणि ऊन दोन्ही अंगात उष्णता ओततात. घाम झटकन वाळतो, इतका की तो आल्याचे कळतही नाही, आणि अंगातले पाणी व मीठ संपून जाते. पावसाळी उकाड्यात घाम भरपूर येतो, दिसतो, ओघळतो, पण वाळत नाही. पहिल्या सापळ्यात पाणी वाचवू शकते. दुसऱ्यात नुसते पाणी पिणे पुरत नाही. वारा आणि विसावा लागतो.

शेरवूड आणि ह्यूबर यांनी २०१० मध्ये गणिताने मांडले की, ओला तापमापक ३५ अंशांवर गेला तर सावलीत बसलेला निरोगी माणूसही काही तासांत वाचू शकणार नाही. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग केले, तेव्हा दमट हवेत ही मर्यादा ३१ अंशांच्याच आसपास आढळली, आणि फार उष्ण व कोरड्या हवेत तर त्याहूनही खाली. म्हणजे एकटा ओला तापमापकही सगळे सांगत नाही. दोन्ही आकडे हवेत. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे खुल्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने चौदा जणांचा मृत्यू झाला. तेव्हा पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नागपूर-भंडाऱ्याच्या माणसाला तो आकडा किरकोळ वाटेल. पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत, तासन्‌तास उन्हात बसलेल्या माणसांना तो पुरला.

शाळेच्या व्हरांड्यात

विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे इतर महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटाला उघडतात. हा निर्णय कोरड्या पाऱ्यावर घेतलेला आहे, आणि त्या पाऱ्यापुरता तो योग्यही आहे. पण शाळा उघडतात तेव्हा ओला तापमापक वर चढलेला असतो. सुट्टीत सावलीत बसलेली मुले पहिल्याच आठवड्यात कवायतीला आणि खेळाच्या तासाला मैदानावर उतरतात. ड्रिओस्टीच्या भाषेत ती सगळी नवागत असतात.

म्हणून आम्ही सुचवतो की, प्रत्येक शाळेने हे उपकरण स्वतः करावे. प्रयोगशाळेतील दोन सारखे तापमापक घ्या. प्रथम दोन्ही शेजारी ठेवून सारखाच आकडा दाखवतात ना, ते पाहा. एकाच्या फुग्याभोवती धुतलेल्या मलमलीची चिंधी गुंडाळा आणि तिचे टोक स्वच्छ पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडा. दोन्ही सावलीत, भिंतीपासून थोडे दूर टांगा. पुठ्ठ्याने दोन-तीन मिनिटे जोरात वारा घाला आणि दोन्ही आकडे टिपा. एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत आणि जूनअखेरपासून रोज दुपारी दोन वाजता नोंद ठेवली, तर वर्षाअखेर भिंतीवर दोन रेषांचा आलेख तयार होईल. त्या रेषा कोठे दुरावतात आणि कोठे जवळ येतात, हे मुलांना स्वतः दिसेल. ब्लॅगडेनचा तेलाचा प्रयोगही लहान प्रमाणावर करता येतो. दोन वाट्यांत सारखे गरम पाणी घ्या, एकीवर तेलाचा तवंग सोडा, आणि कोणती लवकर निवते ते पाहा. माणसावर मात्र कोणताही प्रयोग करू नये.

खेळाच्या तासाचा निर्णय या नोंदीवरून घेता येईल. दोन्ही रेषा जवळ आल्या असतील आणि ओला आकडा २८-३० कडे सरकला असेल, तर धावण्याऐवजी सावलीतला खेळ घ्यावा, आणि पहिले दोन आठवडे श्रम हळूहळू वाढवावेत. उन्हाळ्यात दोन रेषा फार दुरावल्या असतील तर पाण्याची सुट्टी वाढवावी. एखादे मूल बरळू लागले, चालताना झोकांड्या देऊ लागले, तर घाम येतो आहे की नाही याची वाट पाहू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करून सर्वांगावर पाणी शिंपडावे आणि सतत वारा घालावा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, आणि त्याच वेळी दवाखान्याची व्यवस्था करावी. तापाची गोळी येथे कामाची नाही. तापात मेंदूनेच तापमान वर नेऊन ठेवलेले असते. उष्माघातात मेंदू ते खाली आणू पाहतो आणि त्याला ते जमत नसते.

सांतोरियो तराजूत बसला, हॉल्डेन खाणीत उतरले, आणि कित्येक अनाम मजुरांनी घाम गाळून हे ज्ञान आपल्यापर्यंत पोचवले. ते वापरायला लागते ती एक चिंधी, दोन तापमापक आणि रोज दोन वाजता व्हरांड्यात जाऊन आकडे टिपणारा एखादा विद्यार्थी. मोबाइलवरची लाल पट्टी सांभाळण्यात पटाईत असलेल्या मुलावर हे काम सोपवून पाहावे.